मळ्यातले सावतोबा

दिंडीच्या शंभराव्या वर्षाचा अंक निघतोय, तर सावता महाराजांचं चरित्र तुम्हीच लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला, शेत करणारा माणूस. कीर्तनात उभं राहून बोलणं निराळं आन कागदावर लिहिणं निराळं. म्हणून जसं ठाऊक आहे तसं लिहितो. अभंग इथं देत नाही, ते तुम्हा सगळ्यांना पाठच आहेत.

सावतोबांचं गाव अरण. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुका, मोडनिंबच्या जवळ. त्यांचे आजोबा दैवू माळी हे मूळचे औसे गावचे, ते अरणला येऊन राहिले. दैवू माळी पंढरीचे वारकरी. त्यांना दोन मुलं, परसोबा आणि डोंगरोबा. परसोबांच्या बायकोचं नाव नांगिताबाई. या दोघांच्या पोटी शके 1172 म्हणजे इसवी सन 1250 मध्ये सावतोबा जन्मले. देवगिरीला यादवांचं राज्य होतं तो काळ.

आता आपल्या भागाशी हिशेब जुळवून पाहा. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वर माऊलींनी आपल्या शेजारी नेवाशात, प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली. तवा सावतोबा चाळीस वर्षांचे होते. इकडं खांबाला टेकून माऊली गीतेचा अर्थ सांगत होते आणि तिकडं अरणच्या मळ्यात हा माणूस भाजीला पाणी देत होता.

माढ्याचा मुलूख कोरडा. आपल्याकडं पाटाचं पाणी आलं ते भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झाल्यावर. त्याच्या आधी आपले पणजे-आजे बी विहिरीवर आणि मोटेवरच जगले. त्यामुळं सावतोबांचा उन्हाळा कसा गेला असंल हे पुस्तकात शोधायची गरज नाही. वैशाख सरत आला की विहीर तळाला जाते. मोट अर्धी भरून येते, बैल दमतात, पाणी झिरपून साठेपर्यंत थांबावं लागतं. पहाटे चार वाफे भिजले तर भिजले, बाकीचे संध्याकाळी. त्यात भाजीचं पीक म्हंजे तान्ह्या लेकरासारखं. ज्वारी चार दिवस कळ काढती, मेथी-कोथिंबीर एका दुपारीत मान टाकती. मुळा पाण्यावाचून जरठ होतो, वांग्याची फुलं गळतात. कांदा काढून ठेवलेला असतो तो सारखा निवडावा लागतो, एक सडला की ढीग नासतो. काही कीर्तनकार त्यांच्या मळ्यात बटाटे-टमाटे पण लावतात. ही पिकं आपल्या देशात सावतोबांच्या नंतर कितीतरी वर्षांनी आली. कांदा, मुळा, लसूण, भाजी एवढं त्यांच्या नावाला पुरेसं आहे.

आता खरी अडचण इथंच. रोहिणी निघाल्या, मृग तोंडावर आला, म्हणजे शेणखत पसरायचं, वाफे नीट करायचे, गाडग्यात राखेत ठेवलेलं बी काढून पाहायचं, घरावरचं छप्पर शाकारायचं. आणि नेमकं त्याच ज्येष्ठात वारी निघते. त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातून जाते. ज्याच्या पायाला वारीची ओढ आहे आणि ज्याच्या दारात पेरणी उभी आहे, त्याचा जीव दोन्हीकडं ओढतो. हे तुम्हाला सांगायला नको.

सावतोबांचं घर वारकऱ्याचं. पंढरपूर एका दिवसात चालत पोचावं एवढ्या अंतरावर. तरी ते पंढरीला गेले नाहीत अशीच परंपरा सांगते. आजोबा वारी करणारे आणि नातू मळ्याबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणल्यावर गावानं काय काय बोललं असंल! पण त्यांनी पंढरीला नावं ठेवली नाहीत, कुणाला जाऊ नका म्हणाले नाहीत. खुरपं हातात आणि नाम मुखात, एवढंच धरलं. आजकाल घरी बसून राहायचं असलं की काहीजण सावतोबांचं नाव पुढं करतात. त्यांनी आधी सावतोबांइतकं खुरपून दाखवावं आणि खुरपताना तितकं नाम घेऊन दाखवावं, मग बोलू.

त्यांच्या पत्नी जनाबाई, माहेर भेंड गावचं. त्यांना दोन लेकरं, मुलगा विठ्ठल आणि मुलगी नागाताई. जनाबाईंबद्दल फार लिहिलेलं नाही. एक कथा मात्र सगळीकडं सांगतात. सासुरवाडीची माणसं घरी आली. सावतोबा भजनात रंगलेले, त्यांना पाहुण्यांचं भान नाही. पाहुणे रुसले, जनाबाईंना राग आला, त्या नवऱ्याला बोलल्या. मग सावतोबांनी त्यांची समजूत घातली, तीच पुढं उपदेशाची वाणी झाली. कीर्तनात ही कथा आली की लोक जनाबाईंवर हसतात. मला ते बरं वाटत नाही. उन्हाळ्याच्या शेवटाला घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं. पाहुण्यांपुढं काय वाढायचं हा प्रश्न बाईलाच पडतो. पाणी लांबून तिनंच आणायचं, जुड्या तिनंच बांधायच्या, लेकरं तिनंच सांभाळायची. तिला राग आला तर त्यात काय नवल? आणि सावतोबा तिच्यावर ओरडले नाहीत, समजावून बोलले, तिचं मन वळवलं, हेच त्यांचं संतपण. आपल्या दिंडीत इतकी वर्षं माणसं पंढरीला चालली, कारण घरी कुणीतरी दारं धरायला आणि धारा काढायला मागं राहिलं. आमच्या घरातही मागं राहणारी ठरलेलीच आहे. अंकात फोटो मात्र चालणाऱ्यांचेच आलेत.

सावतोबांच्या मुखातून अभंग निघायचे ते काशिबा गुरव लिहून घ्यायचे. आज 37 अभंग हाती आहेत. कमी आहेत, पण त्यात मळा आहे, विहीर आहे, मोट-नाडा आहे. माळी समाजातल्या माणसानं आपल्या कामाचेच शब्द देवापुढं ठेवले. पुढं राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपती महाराजांनी भक्तविजयात त्यांची कथा सांगितली, म्हणजे ती घराघरांत पोचायला आपल्याच भागातला हात लागला.

ती कथा अशी. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू, ते लोळत लोळत पंढरीला निघाले आणि लऊळपर्यंत येऊन थकले. देव त्यांना भेटायला निघाला, बरोबर नामदेव महाराज. वाटेत अरण लागलं. देव नामदेवांना मागं ठेवून मळ्यात शिरला आणि मला लपव म्हणून सावतोबांच्या मागं लागला. लपवायला जागा कुठं? सावतोबांनी खुरप्यानं छाती फाडली आणि देवाला आत घेतलं. नामदेव रडत शोधत आले, तवा देव बाहेर निघाला. मी तर एवढंच पाहतो, की देव राऊळ सोडून चिखलाच्या वाफ्यात आला आणि लपायला त्याला माळ्याचीच छाती सापडली.

शके 1217, आषाढ वद्य चतुर्दशी, इसवी सन 1295. वय पंचेचाळीस. सावतोबांनी अरणला देह ठेवला. समाधी त्यांच्या मळ्यातच आहे. वद्य त्रयोदशीला नामदेव महाराजांची पुण्यतिथी आणि दुसऱ्या दिवशी सावतोबांची. एकादशी होऊन गेलेली असते, आपल्या दिंड्या घरी पोचून खुरपणीला लागलेल्या असतात.

त्या दिवसांत अरणला जायला जमलं तर जाऊन या. बाकी सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, अरणला मात्र पंढरीहून पांडुरंगाची पालखी येते. नारळांची श्रीफळहंडी फुटते. आजूबाजूच्या रानात तवा पाऊस झालेला असला तर नुकत्या उगवलेल्या भाजीचे वाफे पालखीच्या वाटेनं दिसतात.