कमल रणदिवे : प्रयोगशाळेतून पाड्यावर

अंगावरून रक्त जाते, पाणी जाते, तरी आलापल्लीच्या सागवानी जंगलातल्या कितीतरी बाया ते कुणाला सांगत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरल्यावर दवाखाना गाठला जातो. अशा रुग्णांसाठी आता इम्युनोथेरपी आहे. पण औषध निघणे आणि ते बाईपर्यंत पोहोचणे यांतले अंतर डॉ. कमल रणदिवे यांनी फार आधी ओळखले होते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने मात्र संशोधन निवडले. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. तिथल्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या, तिला न विचारता घेतलेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी शरीराबाहेर अखंड वाढू लागल्या होत्या. पुढे त्यांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे अंश सापडले.

परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. विषाणू, संप्रेरके, अनुवंश यांचा कर्करोगाशी संबंध तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

विषाणूने बिघडलेल्या पेशी मारायला शरीरातल्या पांढऱ्या पेशी तयार असतात. कर्करोग त्यांना ब्रेक लावतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तो ब्रेक सोडवते. गाठीत पीडी-एल १ हे प्रथिन तपासून ते बहुधा केमोथेरपीसोबत सलाईनमधून देतात. काही जणींचे आयुष्य वाढते, सगळ्यांचे नाही. थायरॉइड, फुप्फुसे, आतडी यांना सूज येऊ शकते. खर्चही मोठा.

निवृत्तीनंतर कमलताई प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या राजूर भागात त्यांनी आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास केला, बायांच्या आरोग्यासाठी काम केले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. हे औषध त्यांनी पाहिले नाही.

या विषाणूच्या लागणीपासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १० वर्षांहून अधिक काळ जातो. मुलींना ९ ते १४ वयात लस आणि तिशीनंतर दर ५ वर्षांनी सरकारी दवाखान्यात तपासणी, एवढे झाले तर बहुतेक बायांवर या महागड्या औषधाची वेळ येणार नाही.