विश्लेषण : लहान मुलांच्या खेळासाठी महागडे साहित्य लागते का? ताराबाई मोडक यांनी काय दाखवून दिले?

लोणावळ्यात पावसाने जोर धरला की लहान मुले दिवसच्या दिवस घरात अडकतात. मग हातात मोबाइल दिला जातो, नाहीतर मोबाइलवरून महागड्या शैक्षणिक खेळण्यांचा संच मागवला जातो. शिकण्यासाठी विकतचे साहित्य लागतेच का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात सुमारे ८० वर्षांपूर्वी शोधले गेले. ते शोधणाऱ्या होत्या ताराबाई मोडक.

ताराबाई कोण होत्या?

त्यांचा जन्म १८९२चा. माहेरच्या त्या केळकर. घरावर प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचा प्रभाव होता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची नोकरी मिळाली. तीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या.

तिथे त्या काय शिकल्या?

गिजुभाई मारिया माँटेसरी यांची पद्धत भारतीय वळणाने राबवत होते. मूल हाताने, डोळ्यांनी, कानांनी शिकते, मोठ्यांनी मध्येमध्ये करू नये, हे तिचे सूत्र. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहारचे काम उभे केले. अडचण एकच होती. माँटेसरीचे साहित्य महाग, त्यामुळे ही पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच राहत होती.

मग बदल कसा झाला?

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. ही अंगणवाडी. मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साहित्य कोणते? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथली मोठी मुले गुरे राखत, म्हणून शाळा कुरणात भरली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

मावळातल्या घरात आज काय करता येईल?

आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, घरात आणि अंगणात साहित्य पडलेलेच असते.

• चिंचोके, वाल, खडे एकत्र करून वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला द्या. मूल वर्गीकरण शिकते. चिमटीत धरण्याचा सराव पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो.

• चार डबे आणि त्यांची झाकणे वेगळी करून द्या. चुकीचे झाकण बसतच नाही, त्यामुळे चूक मुलाची त्यालाच कळते.

• पाने लहान-मोठी अशी ओळीने लावायला सांगा.

• पेल्यातून वाटीत पाणी ओतू द्या. सांडले तर पुसायला फडके हाताशी ठेवा.

काळजी कोणती घ्यावी?

तीन वर्षांखालील मुले बिया-खडे तोंडात, नाकात घालतात. त्यांना मोठ्या वस्तूच द्या. पाण्याच्या किंवा बारीक वस्तूंच्या खेळात मोठे माणूस जवळ हवेच.

मोठ्यांचे काम काय?

साहित्य मांडायचे, शेजारी बसायचे आणि हात आवरायचा. मूल अडले की लगेच करून दाखवण्याचा मोह टाळायचा. ताराबाईंच्या अंगणात पैसा कमी लागला, पण माणसाचा वेळ लागलाच. घरातल्या खेळालाही त्याला पर्याय नाही.