मिक्लोश रोझा : हरवलेल्या कागदांचा संगीतकार



'बेन-हर' आपल्या आईवडिलांच्या पिढीने मोठ्या पडद्यावर पाहिला आणि आपण व्हिडिओवर. रथांची शर्यत सगळ्यांच्या लक्षात आहे. गंमत म्हणजे त्या शर्यतीला संगीतच नाही. आहेत ते फक्त टापांचे, चाकांचे आणि गर्दीचे आवाज. आपल्या डोक्यात जे वाजतं ते शर्यत सुरू होण्याआधी रथ मैदानाला फेरी मारतात तेव्हाचं. ते लिहिणाऱ्या माणसाचं नाव मिक्लोश रोझा. त्याच्यावर लिहावं असं आमच्या इथल्या चार-पाच संगीतवेड्यांच्या टोळक्याने ठरवलं, त्याला कारण आहे.

गणपतीची वर्गणी आपल्याला नवीन नाही. पण जुन्या हॉलिवूड चित्रपटांचं पार्श्वसंगीत पुन्हा एकदा, नव्वद वादकांचा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित करायचं आणि त्यासाठी जगभरच्या शौकिनांकडून वर्गणी काढायची, हे आम्हाला नवीन होतं. कॅलिफोर्नियातल्या इंट्राडा या कंपनीने गेल्या दशकाच्या अखेरीस किकस्टार्टरवर अशी वर्गणी काढून हिचकॉकच्या 'डायल एम फॉर मर्डर'चं टिऑमकिनने दिलेलं संगीत स्कॉटलंडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. तेव्हापासून शौकिनांच्या गप्पांत 'पुढचं कुठलं' ही चर्चा संपत नाही, आणि त्यात रोझाचं नाव हटकून येतं. असं का, हे त्याचं आयुष्य पाहिलं की कळतं.

रोझाचा जन्म १८ एप्रिल १९०७चा, बुडापेस्टचा. आई पियानो वाजवणारी, मामा तिथल्या ऑपेरात व्हायोलिनवादक. मामानेच पाचव्या वर्षी हातात व्हायोलिन दिलं. वडील कारखानदार आणि जमीनदार. उत्तरेला मात्रा डोंगराच्या पायथ्याशी त्यांची शेती होती आणि उन्हाळ्याची सुट्टी तिथे जायची. त्या भागातल्या पालोत्स लोकांची गाणी हा मुलगा शेतावर, जत्रेत ऐकायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. बार्टोक आणि कोदाय फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरले, ते संशोधन होतं. याची मात्र हौस होती. पण ती गाणी त्याच्या अंगात इतकी भिनली की पुढे रोमन सैन्य चालत असो की स्पेनचा सरदार घोड्यावर असो, कान देऊन ऐकलं तर मागे हंगेरीतलं खेडं ऐकू येतं. काही जण हा दोष मानतात. आम्ही मानत नाही.

वडिलांची इच्छा मुलाने काहीतरी पोटापाण्याचं शिकावं. म्हणून लाइपझिगला रसायनशास्त्राला नाव घातलं. (आमच्यातल्या इंजिनियर मंडळींनी इथे एकमेकांकडे पाहिलं.) पण त्याच गावात संगीताची मोठी शाळा होती. हेर्मान ग्राबनर या गुरूंनी वडिलांची समजूत घातली आणि रसायनशास्त्र सुटलं. विशीतच त्याच्या रचना ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या जुन्या, नामवंत प्रकाशनाने छापायला घेतल्या.

मग १९३१च्या सुमारास पॅरिस. नाव होत होतं, पैसे मात्र नव्हते. पोट भरायला 'निक टोमे' या टोपणनावाने किरकोळ धुना लिहून दिल्या. 'थीम, व्हेरिएशन्स अँड फिनाले' ही १९३३ची रचना युरोपभर वाजली, पण मैफलीच्या रचनांवर घर चालत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. आर्थर ऑनेगर हा मोठा संगीतकार त्याचा मित्र. तुझं कसं चालतं, असं याने विचारल्यावर ऑनेगरने आपण चित्रपटांना संगीत देतो असं सांगितलं. रोझाला वाटलं होतं चित्रपटाचं संगीत म्हणजे उडती गाणी. 'ले मिझेराब्ल'ला ऑनेगरने दिलेलं संगीत ऐकून त्याचे कान उघडले.

लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा हा हंगेरियन माणूस मोठा निर्माता होऊन बसला होता. आपला एक माणूस कंपनीत शिरला की पुढच्या चार जणांचे बायोडेटा कसे पोचतात हे आपल्याला सांगायला नको. १९३७ साली 'नाइट विदाउट आर्मर' हा पहिला चित्रपट कोर्डाकडेच मिळाला. मग 'द फोर फेदर्स' आणि त्यानंतर 'द थीफ ऑफ बगदाद'. या तिसऱ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला संगीतकार म्हणून व्हिएन्नाचा ऑस्कर स्ट्राउस हवा होता. कोर्डाने युक्ती केली. दिग्दर्शकाच्या शेजारच्या खोलीत पियानो ठेवला आणि रोझाला रोज तिथे स्वतःच्या चाली वाजवत बसवलं. शेवटी दिग्दर्शक स्वतःच हे काय चाललंय ते पाहायला आला आणि काम रोझाला मिळालं.

याच चित्रपटात छोट्या चोराच्या भूमिकेत साबू आहे. म्हैसूर संस्थानातल्या करापूरचा, माहुताचा मुलगा. महायुद्ध सुरू झालं, लंडनमध्ये काम पुरं होईना, म्हणून १९४० साली कोर्डाने सगळा लवाजमा हॉलिवूडला हलवला. रोझा महिनाभराच्या बोलीवर गेला होता. पुढची पंचावन्न वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो लॉस एंजेलिसमध्येच राहिला. दोन वर्षांसाठी आलो होतो, असं म्हणणारे आपल्याही मंडळात कितीतरी आहेत.

१९४२ साली कोर्डाने किपलिंगच्या 'जंगल बुक'वर चित्रपट काढला. त्यात मोगली झाला तो साबूच. रोझाच्या संगीताची मग तबकडी निघाली. कथन साबूच्या आवाजात, प्रत्येक जनावराला वेगळं वाद्य. अमेरिकन चित्रपटाचं पार्श्वसंगीत तबकडीवर विकायला येण्याची ही सुरुवात मानली जाते. म्हणजे पार्श्वसंगीत घरी आणून ऐकण्याच्या या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक हंगेरियन आणि एक म्हैसूरचा मुलगा आहेत. आम्हाला याचा उगाचच अभिमान वाटतो.

१४ नोव्हेंबर १९४३ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या एका सहायकाला ऐनवेळी वाद्यवृंदासमोर उभं राहावं लागलं. तो लिओनार्ड बर्नस्टाइन. एका दुपारीत जगप्रसिद्ध झाला. त्या दुपारच्या कार्यक्रमात रोझाची 'थीम, व्हेरिएशन्स'ही होती. पुढच्याच वर्षी बिली वाइल्डरच्या 'डबल इन्डेम्निटी'चं संगीत ऐकून स्टुडिओचा संगीतप्रमुख चिडला आणि असलं संगीत कार्नेगी हॉलमध्ये शोभेल असं रोझाला सुनावलं. त्याच्या लेखी ही शिवी होती.

१९४५ साली हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'मध्ये रोझाने थेरेमिन वापरलं. या वाद्याला हात लावायचा नसतो, हवेतच हात हलवून सूर काढायचा असतो. ते वाजवणारे सॅम्युअल हॉफमन दिवसा पायांचे डॉक्टर होते. हिचकॉकला हे संगीत फारसं रुचलं नाही, ऑस्कर मात्र मिळालं. दुसरं ऑस्कर १९४७च्या 'अ डबल लाइफ'ला. पुढे आत्मचरित्रालाही त्याने हेच नाव दिलं : दुहेरी आयुष्य. चित्रपट एका बाजूला, मैफलीचं संगीत दुसऱ्या बाजूला, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडू द्यायची नाही हा त्याचा हट्ट. १९४८च्या सुमारास एम-जी-एमने (धोबी तलावचं मेट्रो १९३८ साली बांधणारी तीच ही कंपनी) त्याला करारावर घेतलं, तेव्हा उन्हाळ्यात स्वतःच्या लिखाणासाठी सुट्टी हवी ही अट त्याने मान्य करून घेतली. मग दर उन्हाळ्यात इटलीच्या किनाऱ्यावर रापाल्लोच्या बाजूला जाऊन बसायचं. यशा हायफेट्झसाठीचा व्हायोलिन कॉन्चेर्तो तिथेच १९५३ साली लिहिला. त्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९५६मध्ये डॅलसला झाला.

एम-जी-एममधली वर्षं म्हणजे त्याचा भरातला काळ. 'मॅडम बोव्हरी'तला नाच असा झाला की आधी वॉल्ट्झ लिहून घेतला आणि मग दिग्दर्शक मिनेलीने त्यावर कॅमेरा नाचवला. 'क्वो वादिस'साठी रोमन काळात काय वाजत असेल याचा रोझाने पंडितासारखा अभ्यास केला. दगडावर कोरलेलं सेकिलोसचं प्राचीन ग्रीक गीत मिळवलं आणि नीरोच्या तोंडी घातलं. 'बेन-हर'मध्ये ख्रिस्तजन्माच्या प्रसंगाला 'अदेस्ते फिदेलेस' हे नाताळचं गाणं घाला असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. ते गाणं अठराव्या शतकातलं आहे म्हणून रोझाने साफ नकार दिला आणि स्वतःची साधी धून लिहिली. हे तिसरं ऑस्कर. १९६१ला 'एल सिद'. त्यासाठी स्पेनमध्ये जाऊन मध्ययुगीन गीतं धुंडाळली, पण अंतिम चित्रपटात बरंच संगीत काढून त्या जागी तलवारींचे आवाज भरले गेले. चिडून त्याने चित्रपटाच्या प्रसिद्धीचा दौरा रद्द केला.

आणि मग तो प्रसंग, ज्यामुळे हा लेख. १९६९-७०च्या सुमारास एम-जी-एमची मालकी बदलली आणि जुनं सामान काढायला सुरुवात झाली. पोशाख, फर्निचर लिलावात विकलं गेलं. संगीत विभागातल्या नोटेशनला गिऱ्हाईक नव्हतं. वाद्यवृंदाची संपूर्ण नोटेशन्स, प्रत्येक वादकाचे सुटे कागद, सगळं कचऱ्याच्या भरावात गेलं. त्यात रोझाच्या एम-जी-एममधल्या बारा-तेरा वर्षांच्या कामाचं वाद्यमेळासकटचं लेखन होतं. वाद्यमेळ उतरवून काढायचं काम युजीन झाडोर हा त्याचा हंगेरियन सहकारी करायचा. त्याचेही इतक्या वर्षांचे कष्ट गेले. उरल्या त्या मुख्यतः कंडक्टरसाठीच्या संक्षिप्त प्रती, तीन-चार ओळींत अख्खा वाद्यवृंद कोंबलेल्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड डिलीट झाला, चालू प्रोग्राम तेवढा राहिला, आणि बॅकअप घेतलेलाच नव्हता.

म्हणून रोझाचं संगीत नव्याने वाजवणं म्हणजे नुसतं वादकांना बोलावणं नव्हे. कोणीतरी ती संक्षिप्त प्रत समोर ठेवून, चित्रपटाचा जुना आवाज हजारदा ऐकून, संवाद आणि घोड्यांच्या टापांच्या मागून दुसरा ओबो काय वाजवतोय, हे ओळखायचं आणि कागदावर उतरवायचं. एका चित्रपटाला महिनोन्महिने. मग वादकांच्या प्रती, मग स्टुडिओचं भाडं, गायकवृंद. खर्च इथेच वाढतो, आणि वर्गणीची गरजही इथेच लागते.

वर्गणीची ही कल्पना तशी जुनीच. एल्मर बर्नस्टाइन या संगीतकाराने १९७०च्या दशकात सभासद-वर्गणीवर क्लब चालवला आणि त्या पैशांतून जुन्या गुरूंचं संगीत स्वतः वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केलं. 'थीफ ऑफ बगदाद', 'मॅडम बोव्हरी', 'यंग बेस' त्यात आले. नंतर इंट्राडाने १९९४ला 'आयव्हन्हो' आणि १९९५ला 'ज्युलियस सीझर' केलं. लंडनच्या टॅडलो कंपनीने प्रागच्या वाद्यवृंदाला घेऊन २००८ला संपूर्ण 'एल सिद' आणि २०१२ला 'क्वो वादिस' पुरं केलं. दोन्हींना कंडक्टर निक रेन, आणि 'क्वो वादिस'चं नोटेशन त्यानेच पुन्हा उभं केलं. 'एल सिद'मध्ये तर तलवारींखाली गाडलेलं संगीतही पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

रोझाने यातलं थोडंच पाहिलं. १९७०नंतरही तो लिहीत होता. वाइल्डरने आपल्या शेरलॉक होम्सवरच्या १९७०च्या चित्रपटात तो हायफेट्झचा कॉन्चेर्तोच वापरला, म्हणजे दुहेरी आयुष्याची भिंत शेवटी मित्रानेच पाडली. फ्रेंच दिग्दर्शक रेनेच्या 'प्रोविदान्स'साठी फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. १९८२ साली इटलीत असताना पक्षाघाताचा झटका आला आणि चित्रपट थांबले. वाद्यवृंदासाठी मोठं लिहिणं जमेना, तेव्हा त्याने एकेकट्या वाद्यासाठी छोट्या रचना लिहिल्या. बासरी, गिटार, ओबो. त्या आम्ही अलीकडेच ऐकल्या. नव्वद वादकांच्या माणसाने एका बासरीवर भागवलंय, आणि त्यात पुन्हा तेच मात्रा डोंगराखालचं गाणं आहे. २७ जुलै १९९५ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

त्याचे बरेच कागद सिराक्यूज विद्यापीठात आहेत. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांनी कधी तिकडे जाणं झालं तर लक्षात ठेवावं. आमच्या टोळक्याची यादी विचाराल तर पहिलं नाव 'यंग बेस'चं, अगदी शेवटच्या तुतारीपर्यंत. दुसऱ्या नावावर एकमत होत नाही. निम्मे 'मॅडम बोव्हरी' म्हणतात, निम्मे 'प्लिमथ ॲडव्हेंचर'. वर्गणी निघाली तर दोन्हींना देऊ, असं तूर्त ठरलंय.