शेतातले पाणी, शेतातली माती आणि महात्मा फुले

जोतीराव फुले म्हटले की मुलींची शाळा डोळ्यांपुढे येते. पण मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नेरच्या नाल्यांतून गढूळ लोंढे वाहू लागतात, तेव्हा त्यांचे आणखी एक काम आठवायला हवे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, पुण्यात फुलांचा व्यवसाय करणारे. आई लहानपणीच गेली. मध्येच शाळा सुटली आणि काही काळ ते शेतात राबले. पुढे मिशनरी शाळेत शिकले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पोटापाण्यासाठी ते कंत्राटदारी करत. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती. त्यामुळे धरण, कालवा आणि कोरडवाहू रान ही तिन्ही त्यांनी जवळून पाहिली.

१८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येतो आणि जमीन सुपीक होते, पण अडवले नाही तर तेच सत्त्व नदीनाल्यात जाते, हे त्यांनी त्यात मांडले. त्यांचा उपाय साधा होता. सरकारने रिकाम्या वेळेत लष्कर आणि पोलिसांकडून जागोजागी ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नाल्याला मिळेल. नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा, असेही त्यांनी सुचवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची सुरुवात मांजरीतच झाली.

आता तुमच्या शेताकडे वळू. पाणी नुसते अडवून भागत नाही, ते पसरून सोडावे लागते. हलक्या, उथळ जमिनीत समपातळी बांध चालतो. भारी काळ्या जमिनीत मात्र त्यामागे पाणी तुंबते, कपाशी-तूर पिवळी पडते आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पुढच्या पावसात फुटतो. तिथे ढाळीचा बांध घालावा आणि जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावा.

बरेच बांध सांडव्यापाशीच फुटतात. सांडव्याचा माथा एका बाजूला थोडा जरी खचला, तरी सगळे पाणी तिकडूनच धावते आणि दोन-चार पावसांत घळ पडते. माथा रुंद आणि एकाच पातळीत असेल, तर तेच पाणी पातळ चादरीसारखे उतरते. पाणी पातळ झाले की वेग कमी होतो आणि माती जागेवर राहते.

म्हणून पेरणीआधी एवढे करा:
- पारदर्शक नळीत पाणी भरून माथ्याची दोन्ही टोके आणि मधला भाग तपासा.
- खचलेला भाग माती घालून चोपून घ्या, वर दगडांची पिचिंग करा.
- खालच्या बाजूला वाळा किंवा मारवेल गवत लावा.
- पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहा. पाणी एकाच जागेवरून गेल्याची खूण दिसली, तर ती जागा त्याच आठवड्यात भरून घ्या.