ऊ थांट : दोन महासत्तांमधला मास्तर



क्युबाचा पेचप्रसंग मी वर्गात शिकवतो, तेव्हा मुले केनेडी आणि ख्रुश्चेव्ह ही दोन नावे पाठ करतात. तिसरे नाव कोणी विचारीत नाही. ते नाव एका बौद्ध शाळामास्तराचे आहे.

ऊ थांट यांचा जन्म २२ जानेवारी १९०९ रोजी ब्रह्मदेशात, इरावतीच्या मुखाजवळील पांतनाव गावी झाला. चौदाव्या वर्षी वडील वारले, वारसाच्या भांडणात घर ओढगस्तीला आले. चार भावांत थोरले म्हणून त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण अर्धे सोडले, गावच्या शाळेत नोकरी धरली आणि पुढे तिथेच हेडमास्तर झाले. (आमच्याच पेशाचा माणूस, म्हणून मला आपुलकी जरा अधिक, हे कबूल करतो.)

१९५७ साली ते युनोत ब्रह्मदेशाचे प्रतिनिधी झाले. सप्टेंबर १९६१ मध्ये सरचिटणीस हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. रशियाला एका सरचिटणीसाच्या जागी तीन गटांचे तिघे हवे होते, अमेरिकेला ते नको होते. दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून ३ नोव्हेंबर १९६१ ला थांट यांची हंगामी नेमणूक झाली.

मे १९६२ मध्ये त्यांचा तरुण मुलगा रंगूनमध्ये बसवरून पडून मरण पावला. ध्यानाच्या सवयीने आपल्याला त्या वेळी सावरले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

पाचच महिन्यांनी क्युबात रशियाची क्षेपणास्त्रे सापडली. २२ ऑक्टोबरला केनेडींनी नौदलाचा वेढा जाहीर केला. आता तुम्हीच विचार करा, माघार कोणी घ्यावी? केनेडींच्या धमकीने ख्रुश्चेव्ह थांबले तर ती शरणागती ठरणार. मात्र ज्याच्याजवळ फौजच नाही, त्याच्या विनंतीला मान दिला तर कोणाचीच मान खाली जात नाही. २४ तारखेला थांट यांनी दोघांना एकाच मजकुराचा संदेश धाडला : दोन-तीन आठवडे शस्त्रे पाठविणे थांबवा, वेढाही थांबवा. ख्रुश्चेव्हनी मानले. केनेडी मात्र कचरले, कारण क्युबात तळ उभारण्याचे काम चालूच होते. थांट यांनी लगेच दुसरा संदेश पाठविला. रशियाने जहाजे वेढ्यापासून दूर ठेवावीत, अमेरिकेने थेट टक्कर टाळावी. एवढे दोघांनीही मान्य केले.

पेच त्यांनी एकट्याने सोडविला, असे मी म्हणणार नाही. तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रे हलविण्याचा सौदा दोन राजधान्यांत गुप्तपणे झाला. त्या सौद्याला लागणारे दिवस मिळाले, त्यात थांट यांचा मोठा वाटा होता. २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले. ३० तारखेला थांट हवानाला गेले. आपल्याला न विचारता सौदा झाला म्हणून कॅस्ट्रो संतापले होते. त्यांनी तपासणी नाकारली. थांट यांनी ऐकून घेतले.

पुढे व्हिएतनामच्या युद्धावर ते स्पष्ट बोलले, तेव्हा अमेरिका रुसली. १९७१ अखेर ते निवृत्त झाले आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कला वारले.

देह रंगूनला आला. ने विन यांच्या लष्करी सरकारने सन्मान नाकारला. विद्यार्थ्यांनी शवपेटी उचलून नेली आणि १९६२ साली लष्कराने विद्यार्थी संघाची इमारत जिथे सुरुंगाने उडविली होती, त्याच जागी मास्तरांना ठेवले. ११ डिसेंबरला पहाटे सैनिक आत घुसले. पेटी हिसकावली गेली, गावात दंगे उसळले, गोळीबारात माणसे मेली. त्यांची समाधी आज श्वेडगोन पॅगोड्याजवळ आहे.