इरावती कर्वे : दिंडीची वाट आणि वेगळ्या चुली

महाराष्ट्रातील धर्मविचाराचा अभ्यास दीर्घकाळ तत्त्वज्ञान आणि संतवाङ्मय या दोन अंगांनी झाला. धर्म पाळणारी माणसे कोणाबरोबर चालतात, कोणाबरोबर जेवतात आणि कोणापासून दूर राहतात, हा प्रश्न त्या मानाने उशिरा अभ्यासाच्या कक्षेत आला. तो ज्यांनी शास्त्राच्या आणि ललित लेखनाच्या अशा दोन्ही पातळ्यांवर मांडला, त्यांत डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. मुलीचे नाव त्यांनी तेथील इरावती नदीवरून ठेवले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी ती पुण्याच्या हुजूरपागेत आली आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढली. परांजपे हे निरीश्वरवादी म्हणून ख्यातनाम होते. विवाहानंतर लाभलेले घरही सुधारकांचेच होते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, दीर 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे आणि पती रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे. कर्मकांडाला आणि देवभक्तीला जेथे फारसे स्थान नव्हते, अशा वातावरणात घडलेल्या या विदुषीने पुढे वारीचा अभ्यास करावा, ही तिच्या जीवनातील सर्वांत अर्थपूर्ण विसंगती म्हणावी लागेल.

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली पदवी मिळविल्यानंतर त्यांनी मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. आपल्या समूहाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय येथूनच लागली असावी. त्यानंतर बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर संशोधन केले. वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेला तेथे शास्त्राचा दर्जा दिला जात होता; परंतु या असमानतेचा वंशाशी संबंध असल्याचे इरावतीबाईंच्या मोजमापांतून निघाले नाही, आणि मार्गदर्शकांचा कल ठाऊक असूनही त्यांनी तसाच निष्कर्ष मांडला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राचे अध्यापन करू लागल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

'हिंदू समाज : एक अन्वयार्थ' या आशयाच्या त्यांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात जातीविषयीची त्यांची भूमिका स्पष्ट होते. एकाच मूळ समाजाचे तुकडे पडून जाती निर्माण झाल्या, हे घुर्ये यांच्या विवेचनातून सूचित होणारे मत त्यांना मान्य नव्हते. जात म्हणजे विस्तारलेला आप्तसमूह. भिन्न मुळांचे असे अनेक समूह शेजारी येऊन राहिले आणि त्यातून हिंदू समाज बनला, अशी त्यांची मांडणी होती. निरनिराळी दैवते, आचार आणि खाणेपिणे एकमेकांना न पुसता या समाजात कशी नांदतात, याचा उलगडा या मांडणीने बऱ्याच अंशी होतो. मात्र शेजारी नांदणे म्हणजे एक होणे नव्हे, ही अडचणही तिच्यातच दडलेली आहे.

ही अडचण त्यांना ग्रंथालयात नव्हे, पालखीच्या वाटेवर जाणवली. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात शिस्तबद्ध रूप दिलेल्या आळंदी-पंढरपूर सोहळ्यात त्या एका दिंडीबरोबर चालल्या. या अनुभवावरील 'वाटचाल' हा लेख मराठी वाचक ललितनिबंध म्हणून वाचत आला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली आशियाविषयक अभ्यासाच्या एका अमेरिकी नियतकालिकात आला आणि तो समाजशास्त्राचा पुरावा ठरला. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा अशा दोन्ही समूहांतील माणसे होती. अभंग एकत्र, चालणे एकत्र; परंतु मुक्कामावर स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या. सर्वच जण स्नान करून जेवत असताना हा वेगळेपणा कशासाठी, आणि संतांची समता केवळ परलोकासाठी राखून ठेवली आहे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्या मराठा स्त्रियांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या स्त्रियांच्या वागण्यातील संकोच गळून पडला आणि बाईंची ताई झाली. पुण्याला घरी येण्याचा बेत निघाला, तेव्हा एका तरुणीने विचारले की, तेथेही आपल्याशी वागणे असेच राहील काय. या साध्या प्रश्नाने अभ्यासिका स्वतःच अभ्यासविषय झाली.

धर्म समाजाला बांधतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यांनी १९१२ साली प्रतिपादन केले होते. ज्या भूमीतील लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या वारीने इरावतीबाईंना दिली. तिथवर दुरखेम यांची साक्ष खरी ठरते. पण तीच वारी रोज संध्याकाळी चुलीपाशी दुभंगत होती. भावनेचे ऐक्य आणि व्यवहारातील अंतर यांपैकी एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरविण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. त्यांच्या अभ्यासाची चौकट प्रामुख्याने हिंदू समाजाची राहिली, ही मर्यादा नोंदवूनही हा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो.

'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांची वाङ्मयीन कीर्ती महाभारताशी जोडली गेली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. 'वाटचाल'ची गणना मात्र अद्याप ललित गद्यातच अधिक होते. नास्तिकतेच्या छायेत वाढलेल्या या लेखिकेने विठ्ठलाविषयी पुढे जिव्हाळ्याने लिहिले, तरी त्या तरुणीच्या प्रश्नाचे उत्तर भक्तीकडून मागितले नाही. ते उत्तर माणसांच्या वागण्यातूनच यायला हवे होते, आणि त्यांचा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाकडे तो प्रश्न अजून वळतो.