शिवराम जानबा कांबळे : आठवणींचा अर्ज करणारा माणूस

दरवर्षी 1 जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावला जातो, जयस्तंभाला मानवंदना देतो. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तिथे आले होते, हे आपल्याला पाठ आहे. पण ज्यांच्या पुढाकारामुळे तो कार्यक्रम झाला, त्या शिवराम जानबा कांबळे यांचे नाव आपल्यातल्या किती तरुणांना ठाऊक आहे? त्या जयस्तंभाकडे चळवळीचे साधन म्हणून पाहायला शिकवणाऱ्या पिढीचे ते नेते होते.

शिवराम जानबांचा जन्म 1875 चा, पुण्याचा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलरची नोकरी करीत. पदवी नाही, इस्टेट नाही. वाचन मात्र भरपूर. वाचनाची ही गोडी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1904 साली त्यांनी पुण्यात श्रीशंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज ही संस्था काढली आणि वस्तीसाठी वाचनालय सुरू केले. 1 जुलै 1908 पासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू झाले. बाबासाहेबांचा 'मूकनायक' यायला तेव्हा बारा वर्षे अवकाश होता.

ते दिवस कसे होते, हे समजून घेऊ. पेशवाई बुडवणाऱ्या कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावे आजही वाचता येतात. पण 1890 च्या दशकात इंग्रजांनी लढाऊ आणि बिगरलढाऊ जाती अशी वाटणी पक्की केली आणि महारांची भरती बंद केली. पलटणीसोबत पगार गेला, पेन्शन गेली, मुलांची शाळा गेली. गावकीच्या कामातून सुटण्याची एक वाटच बुजली. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध आवाज उठवला होता. शिवराम जानबांनी तेच काम पुढे नेले.

1903 साली सासवडला 51 गावांतल्या महारांची सभा झाली. तिथून मुंबई सरकारकडे अर्ज गेला आणि त्यावर 1,588 जणांच्या सह्या होत्या. मागणी साधी होती : लष्करात आणि पोलिसात पुन्हा घ्या, सरकारी नोकऱ्या द्या. सरकारने ती नाकारली. 1910 साली जेजुरीला परिषद भरवून त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला. या अर्जांचा आधार होता पूर्वजांची लष्करी कामगिरी. आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, मग आज आम्ही नालायक कसे ठरलो, असा तो युक्तिवाद होता.

समाजशास्त्र शिकताना आम्ही सामूहिक स्मृतीबद्दल पुष्कळ वाचले. शिवराम जानबांनी ती वापरून दाखवली. त्यांना जुने दिवस परत आणायचे नव्हते. भूतकाळ त्यांना पुरावा म्हणून हवा होता आणि तो त्यांनी आजच्या हक्कासाठी सादर केला.

त्यांच्या मर्यादाही झाकून ठेवू नयेत. अर्जांची भाषा राजनिष्ठेची आहे. 'सोमवंशीय' या नावातच आपण मुळात थोर वंशाचे होतो, असा दावा आहे. जातीच्या उतरंडीत वरची जागा मागण्याचा तो मार्ग होता, उतरंडच मोडण्याचा नव्हता. पुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेतला तो वेगळ्या दिशेने, बौद्ध इतिहासाच्या दिशेने. तरीही 1903 चा माणूस 1956 च्या मापाने मोजणे हा अन्याय होईल.

कारण गतवैभवाच्या गोष्टी सांगत ते बसले नाहीत. स्वतःच्या समाजाच्या दोषांवरही त्यांनी बोट ठेवले. मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी मासिकातून मोहीम चालवली. 1909 साली शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने आपली कैफियत याच मासिकातून मांडली. देवाच्या नावाने मुलींचे आयुष्य उधळणारी परंपरा जुनी आहे म्हणून जपावी, असे त्यांना वाटले नाही. परंपरेतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे त्यांना कळत होते.

पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे हवी होती, तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो! अशा काळात कोरेगावला जमणे म्हणजे सरकारला त्याच्याच दगडावर कोरलेली नावे दाखवणे होते. 1927 च्या त्या सभेकडे असे पाहिले पाहिजे. पावणेतीन वर्षांनी, ऑक्टोबर 1929 मध्ये, पन्नाशी ओलांडलेले शिवराम जानबा पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात पुढे होते. सत्याग्रहींवर दगड पडले. मंदिराचे दार तेव्हा उघडले नाही.

आज आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे. जयस्तंभापुढे काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत शेकडो लाइक मिळवतो. शौर्याची गाणी ऐकून छाती फुगते, आणि ती फुगावीही. पण 2 जानेवारीला आपण काय करतो? वस्तीत काम करताना आम्हाला बंद पडलेली वाचनालये दिसतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते ठाऊक नसलेली पोरे दिसतात. तिथे शिवराम जानबांची आठवण येते. बटलरची नोकरी सांभाळून त्या माणसाने 1,588 सह्या जमवल्या, त्याही दळणवळणाची साधने तुटपुंजी असताना.

पुढच्या 1 जानेवारीला जाऊ तेव्हा स्तंभावरची नावे नीट वाचू. आणि परतल्यावर आपल्या वस्तीतला निदान एक अर्ज लिहू, एक वाचनालय उघडू. शिवराम जानबांना तशी मानवंदना अधिक आवडली असती, असे आम्हाला वाटते.